घरांतील धान्य आणि रक्तांतील लोह

चुनखडीच्या जमिनींत ऊस अगर भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्यास केवडा पडणें म्हणजे काय हें सांगावयास नको. बेणें चांगलें असतें, पाणी वेळेवर मिळतें, खतांत कसूर नसते. आणि तरीहि कोंवळीं पानें पिवळीं पडूं लागतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात व मधला भाग फिका होत होत पांढुरका होतो. जाणता मनुष्य पाहून सांगतो कीं, ही लोहाची उणीव आहे. ऐकणारास नवल वाटतें. कारण आपल्या काळ्या जमिनींत लोहास तोटा नाहीं. त्याचें नवल रास्त आहे, व सांगणाऱ्याचें म्हणणेंहि खरें आहे. जमिनींत लोह विपुल असतें. पण चुनखडीच्या योगानें तें अशा रूपांत अडकून पडतें कीं, मुळांस तें उचलतां येत नाहीं. हिराकशीचें सौम्य पाणी पानांवर फवारलें म्हणजे कांहीं दिवसांत हिरवेपणा परत येतो, तो याचमुळें.

माणसाचीहि गोष्ट अशीच आहे. शाकाहारी शेतकरी कुटुंबाच्या कणगींत लोह असतें; ताटांतहि तें येतें; परंतु रक्तांत मात्र पुरतें उतरत नाहीं. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. त्या दप्तरांत पहिला धडा मिळतो तो हा कीं, आकारणी निराळी आणि वसूल निराळा. आकार कागदावर कितीहि दिसो, तिजोरींत जमा होईल तेवढाच खरा. आहारांतील लोहाचा हिशेब याच रीतीनें पाहिला तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो, आणि उपायहि बहुतेक घरच्या घरीं सांपडतात, हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

दुखणें किती पसरलें आहे

सन २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४.२ स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळलें. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांत हें प्रमाण शेंकडा ६८.९ होतें, आणि १५ ते ४९ वर्षांच्या पुरुषांत २१.९. म्हणजे ज्या घरांत दोन बायका आहेत, त्यांपैकीं एक रक्तक्षयी असावी, असेंच हे आंकडे सांगतात. हा सर्व रक्तक्षय केवळ लोहाच्या उणिवेचा नव्हे. तथापि त्याच्या कारणांत लोहाचा वांटा मोठा आहे.

रक्तास तांबडा रंग देणारा जो हीमोग्लोबिन नांवाचा पदार्थ, तो लोहावांचून तयार होत नाहीं. फुप्फुसांतील प्राणवायु साऱ्या शरीरास पोंचविणें हें त्याचें काम. त्याची तूट पडली म्हणजे थोड्या श्रमानें धाप लागते, चक्कर येते, डोकें दुखतें, पापणीची आंतली बाजू व नखें फिकीं दिसतात, आणि कामांत मन लागत नाहीं. कित्येक गरोदर बायकांस माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. आपण ते डोहाळे म्हणून सोडून देतों. परंतु पुष्कळदां ती लोहाच्या उणिवेची खूण असते. खुरपणीस गेलेली बाई दुपारनंतर ओळींत मागें पडली तर तिला कामचुकार म्हणणें सोपें आहे. तिचें रक्त पाहिल्याशिवाय तसें म्हणूं नये. बाळंतपणांत जो रक्तस्राव धडधाकट बाई सोसून जाते, तोच रक्तक्षयी बाईच्या जिवावर बेततो. सबब हा विषय चुलीपाशींचा व बायकांचा, असें समजून वाचकांनीं पान उलटूं नये. धान्य कोणतें पेरावयाचें, कोणतें विकावयाचें व कोणतें घरीं ठेवावयाचें, हें बहुतेक घरांत पुरुषच ठरवितात.

गरज किती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें सन २०२० मध्यें ठरविलेल्या मानाप्रमाणें प्रौढ पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम व स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह आहारांतून मिळावयास पाहिजे. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीस तर ३२ मिलिग्रॅम लागतें. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा हिस्सा. पुरुषाच्या शरीरांतून दिवसास सुमारें एकच मिलिग्रॅम लोह खर्चीं पडतें. स्त्रीच्या बाबतींत मासिक ऋतूबरोबर त्यांत भर पडते, व वाढत्या मुलीस नवें रक्तहि तयार करावें लागतें. आतां खर्च एकदोन मिलिग्रॅम असतां मागणी एकोणीस व एकोणतीस कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण हेंच कीं, धान्यभाजींतील लोहापैकीं फारच थोडें अंगीं लागतें, ही तूट त्या आंकड्यांत अगोदरच धरलेली आहे. स्त्रीचें पोट पुरुषापेक्षां लहान व गरज मात्र दीडपट, ही खरी अडचण आहे.

कणगींतील आकार

आपल्याकडील अन्नपदार्थांचें पृथक्करण करून त्याचीं कोष्टकें छापण्याचें काम कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेंत डॉ. आयक्रॉइड यांनीं केलें व तीं १९३७ सालीं प्रसिद्ध झालीं. तीच संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली व राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें तिनें २०१७ सालीं नवीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांवरून स्थूल मानानें पुढील प्रमाण दिसतें. शंभर ग्रॅम बाजरींत सुमारें साडेसहा मिलिग्रॅम लोह असतें; नाचणींत साडेचार, ज्वारींत व गव्हांत चारच्या आसपास. सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत एकहि मिलिग्रॅम भरत नाहीं. हुलग्यांत आठ ते नऊ, मटकींत आठच्या जवळपास, मसुरींत सात, अख्ख्या हरभऱ्यांत साडेसहा ते सात. तुरीच्या डाळींत मात्र चारच्या आंत. तिळांत चौदाच्या सुमारास. मेथीच्या पाल्यांत साडेपांच, शेवग्याच्या पाल्यांत साडेचार. आणि ज्याची एवढी ख्याति, त्या पालकांत तीन मिलिग्रॅमच. गुळासंबंधीं लोकांची समजूत फार मोठी आहे. परंतु गुळाचा खडा पंधरावीस ग्रॅमांचा, त्यांतून एक मिलिग्रॅमहि लोह मिळत नाहीं. गूळ खावा, पण त्यावर भिस्त ठेवूं नये.

आतां दोन ताटें समोर ठेवून पाहूं. एका बाईनें दिवसाकांठीं २५० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकऱ्या, ५० ग्रॅम मटकीची उसळ, ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचें वरण, १०० ग्रॅम मेथीची भाजी व चमचाभर तिळाची चटणी खाल्ली, तर बेरीज २८ मिलिग्रॅमच्या घरांत जाते. म्हणजे मागणी जवळजवळ भरली. दुसरीनें ३०० ग्रॅम पांढऱ्या तांदुळाचा भात, तेवढेंच वरण व बटाट्याची भाजी खाल्ली, तर बेरीज पांचापलीकडे जात नाहीं. दोघींचीं पोटें सारखींच भरलीं. एकीच्या खात्यावर बाकी राहिली नाहीं. दुसरीची थकबाकी रोज चढत गेली.

वसूल कां होत नाहीं

मांसाहारांतील लोह आंतड्यांत सहज शोषलें जातें. धान्य, कडधान्य व भाजीपाला यांतील लोहाचें रूप निराळें. त्यांतील शंभर भागांपैकीं पांच ते दहा भागच बहुधा पदरांत पडतात. यास तीन अडथळे मुख्य आहेत. पहिला, धान्याच्या कोंड्यांत व कडधान्यांत असणारें फायटिक आम्ल. चुनखडी जमिनींत जसें लोहास अडकवून धरते, तसेंच हें आम्ल त्यास आंतड्यांत अडकवितें. दुसरा अडथळा चहाचा. चहांतील तुरट द्रव्य लोहाशीं बांधलें जातें. जेवणाबरोबर घेतलेल्या एका पेल्यानें लोहाचें शोषण निम्म्याहून खालीं येतें, असें प्रयोगांत आढळलें आहे. कॉफीहि कमीअधिक हेंच करते. तिसरा अडथळा दुधांतील चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा. दूध उत्तमच, परंतु लोहाच्या मुख्य जेवणाबरोबर तें न घेतां रात्रीं निजतांना घ्यावें. पालकांत व चाकवतांत असणारें ऑक्झॅलिक आम्लहि लोहास फारसें मोकळें सोडीत नाहीं.

वसूल वाढविण्याचे घरगुती उपाय

पहिला उपाय लिंबाचा. क जीवनसत्त्व लोहास विरघळणाऱ्या रूपांत ठेवतें, त्यायोगें शोषण दुपटीतिपटीनें वाढूं शकतें. मात्र हें जीवनसत्त्व धगीनें नष्ट होतें. म्हणून लिंबू उसळ उकळत असतां न पिळतां पान वाढल्यावर पिळावें. पेरूंत तर लिंबाहून कितीतरी अधिक क जीवनसत्त्व आहे. हैदराबादच्या उपरिनिर्दिष्ट संस्थेनें किशोरवयीन मुलामुलींवर केलेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, भाताच्या जेवणाबरोबर पेरू दिला असतां लोहाचें शोषण दुपटीच्या घरांत गेलें. बांधावरच्या पेरूचें एक फळ मुलीच्या ताटांत पडलें, तर त्यास काय किंमत पडते ? आवळा, हिरवी कोथिंबीर, कच्ची कैरी, आमचूर हींहि उपयोगी आहेत. आंबट तेवढें सारखें असें मात्र समजूं नये. चिंच व कोकम यांत आंबटपणाबरोबर तुरट द्रव्यहि असतें, म्हणून त्यांचा गुण लिंबाइतका येत नाहीं.

दुसरा उपाय आपल्या लोकांनीं न शिकवितांच धरला आहे. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंत काचपात्रांत केलेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, धान्याबरोबर कांदा किंवा लसूण असतां त्या धान्यांतील लोह अधिक प्रमाणांत मोकळें होतें. भाकरी, फोडलेला कांदा व लसणाची चटणी या न्याहारीस गरिबाचें खाणें म्हणून नाक मुरडणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

तिसरा उपाय भिजविण्याचा, मोड आणण्याचा व आंबविण्याचा. बीं रुजूं लागलें म्हणजे त्यांतील फायटिक आम्ल फुटूं लागतें, आणि मोडांत क जीवनसत्त्वहि नव्यानें उत्पन्न होतें. म्हणून मटकी, मूग, हुलगे, हरभरे यांची मोडाची उसळ साध्या डाळीहून श्रेष्ठ. ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, आंबविलेल्या पिठाचीं आंबोळीं व घावनें यांतहि हाच लाभ आहे.

चौथा उपाय भांड्यांचा. लोखंडी कढई व बिडाचा तवा मोडींत काढून आपण ॲल्युमिनियमचीं व लेप दिलेलीं भांडीं आणलीं. लोखंडी कढईंत शिजविलेल्या भाजींत कढईचें कांहीं लोह उतरतें. भाजी पातळ व थोडी आंबट असेल तर अधिक उतरतें. कढई रोज घांसून, पुसून कोरडी ठेवावी, व आंबट पदार्थ तींत शिजवून लगेच दुसऱ्या भांड्यांत काढावा, म्हणजे कळकत नाहीं.

पांचवा उपाय कांहींच करावयाचा नाहीं, केवळ सोडावयाचा आहे. चहा व जेवण यांत निदान एक तास, शक्य तर दोन तासांचें अंतर ठेवावें. न्याहारीच्या भाकरीबरोबर किटलींतून येणारा चहा हा ताटांतील वसुलावर रोज सूट देणारा हुकूम आहे, असें समजावें.

पेरणीच्या वेळीं करावयाचा विचार

पीक पालटलें तसें ताट पालटलें. पुष्कळ ठिकाणीं बाजरी व हुलगे यांची जमीन नगदी पिकांखालीं गेली. नगदी पीक करूं नये असें सांगण्याचा अधिकार या लेखकास नाहीं. परंतु घरापुरती बाजरी, मटकी व मसूर यांस थोडी जागा, आणि विहिरीच्या थारोळ्याशीं शेवगा, लिंबू व पेरू यांचें एकेक झाड, एवढें मागणें अवाजवी नाहीं. बाजरीचें पीठ लवकर कडू होतें, म्हणून आठवड्यापुरतेंच दळावें.

बाजरींत आतां लोहासाठीं मुद्दाम निवडलेलीं वाणें निघालीं आहेत. पाटणचेरूची इक्रिसॅट संस्था व राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ यांनीं तयार केलेलें 'धनशक्ति' हें वाण २०१२ सालीं महाराष्ट्रांत प्रसृत झालें. त्याच्या एका किलोंत सुमारें ७१ मिलिग्रॅम लोह असतें. हें वाण संकरित नसल्यामुळें, दुसऱ्या बाजरीपासून पुरेसें अंतर राखून पेरल्यास, चांगलीं कणसें निवडून घरचें बीं ठेवतां येतें. अशा लोहयुक्त बाजरीची परीक्षा आपल्याच अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत बारा ते सोळा वर्षांच्या शाळकरी मुलामुलींवर झाली व तिचा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. दिवसांतून दोन वेळां त्या बाजरीची भाकरी दिलेल्या मुलांच्या शरीरांतील लोहाचा सांठा चार महिन्यांत वाढलेला दिसला. आणि ज्यांस मुळांत लोहाची उणीव होती, त्यांची उणीव साध्या बाजरीच्या मानानें अधिक जणांत भरून निघाली. औषध नव्हे, गोळी नव्हे. नित्याची भाकरीच, फक्त वाण निराळें.

आहार जेथें पुरत नाहीं

इतकें सांगितल्यावर एक इशारा देणें अवश्य आहे. चढलेली थकबाकी केवळ चालू सालच्या वसुलानें फिटत नाहीं. स्त्रीच्या रक्तांत हीमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरांस १२ ग्रॅमच्या खालीं, गरोदर स्त्रीच्या ११ च्या खालीं व पुरुषाच्या १३ च्या खालीं असलें म्हणजे रक्तक्षय समजतात. मग भाजीभाकरीवर विसंबून न राहतां वैद्यकीय उपचार घ्यावे. गरोदरपणांत सरकारी दवाखान्यांतून व आशा सेविकेमार्फत लोह व फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या मिळतात. गरोदरपणीं १८० दिवस व बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी असा क्रम आहे. त्या चहाबरोबर न घेतां लिंबूपाण्याबरोबर घ्याव्या. शौचास काळें होतें, त्यास भिऊं नये. मळमळ होत असल्यास जेवणानंतर घ्याव्या, पण सोडूं नयेत. फवारणीची हिराकस मात्र कोणीहि पोटांत घेऊं नये. औषधाची शुद्धता व मात्रा निराळी असते. गोळ्या लहान मुलांच्या हातीं लागतील अशा ठेवूं नयेत. त्या अधिक खाल्ल्यास मुलाचा जीव जाऊं शकतो.

शेतकऱ्यास विशेष जपावयाचें तें अंकुशकृमीपासून. उघड्यावर शौचास बसल्यानें दूषित झालेल्या ओल्या मातींतून हा जंतु अनवाणी पायाच्या कातडींतून शरीरांत शिरतो व आंतड्यांस चिकटून रक्त पितो. ज्याच्या पोटांत तो आहे, त्यास लोह घालणें म्हणजे फुटक्या पाटानें पाणी देण्यासारखें आहे. पायांत जोडा, घरीं शौचकूप व ठरल्या वेळीं जंताची गोळी, हे त्याचे उपाय.

शिवाय सर्वच रक्तक्षय लोहानें बरा होत नाहीं. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस येऊन गिरणींत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासीत होत्या. त्यांपैकीं कित्येकींस यीस्टच्या अर्कानें गुण आला. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें. हें द्रव्य पालेभाज्यांत व कडधान्यांत असतें. शाकाहाऱ्यांत ब-१२ या जीवनसत्त्वाचीहि उणीव पुष्कळ आढळते. तें वनस्पतींत नसतें, दूध, दहीं, ताक यांतून मिळतें. आणि सिकलसेल किंवा थॅलसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक विकार ज्या घरांत आहेत, तेथें वैद्याच्या सल्ल्यावांचून लोहाच्या गोळ्या घेऊं नयेत.

शेवटचें पान

आतां एकच गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती कोणत्याहि कोष्टकांत सांपडत नाहीं. आपल्या घरांत पहिलें पान पुरुषांचें पडतें, मग मुलांचें. वाढणारी बाई शेवटीं बसते. तोंपर्यंत उसळीच्या पातेल्यांत रस्सा तेवढा उरतो, भाजी चमचाभर, लिंबू संपलेलें. ज्या घरांत कणगी भरलेली आहे, गोठ्यांत दुभतें आहे, त्या घरांतहि हें चालतें. २९ मिलिग्रॅम ज्या व्यक्तीस पाहिजे, तिच्या वांट्यास सर्वांत कमी येतें, आणि १९ मध्यें ज्याचें भागतें, त्यास दोनदां वाढलें जातें. ही वांटणी दारिद्र्यानें केलेली नाहीं. संवयीनें केलेली आहे, व कर्त्या पुरुषानें मनांत आणल्यास एका दिवसांत बदलतां येते. सर्वांनीं एका वेळीं जेवावयास बसावें; तें न साधल्यास घरांतील सून, गरोदर बाई व वयांत आलेली मुलगी यांचा उसळभाजीचा वांटा आधीं काढून ठेवावा.

तसेंच वर्षांतून एकदां, सुगी आटोपल्यावर, घरांतील सर्व माणसांचें रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासून घ्यावें. तो आंकडा पिकाच्या हिशेबाच्याच वहींत लिहून ठेवावा, व पुढील वर्षीं मागील आंकड्याशीं ताडून पाहावा. वसूल झाला कीं बाकी राहिली, हें त्यावरून कोणासहि कळेल.